नसलेले दिसणे, नसलेले ऐकू येणे : नातलगांसाठी थोडी माहिती

गारखेडा येथील आमच्या रुग्णालयात वृद्ध रुग्णांचे नातलग एक प्रश्न वारंवार विचारतात : "काल दुपारपर्यंत आबा नीट बोलत होते. रात्री त्यांना भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, गेलेल्या माणसांच्या हाका ऐकू येऊ लागल्या. वेड तर लागले नाही ना?"

हे वेड नव्हे व बाहेरची बाधाही नव्हे. जुनी माणसे यास 'वातात बरळणे' म्हणत. वैद्यकशास्त्रात यास 'डेलिरियम' म्हणतात. जंतुसंसर्ग, प्राणवायूची कमतरता, रक्तातील सोडियम वा साखर उतरणे, मोठी शस्त्रक्रिया, काही औषधे यांमुळे मेंदूचे कार्य तात्पुरते विस्कळीत होते. हा भ्रम काही तासांत वा एक-दोन दिवसांत उद्भवतो व बहुधा रात्री वाढतो. मूळ कारणावर उपचार झाल्यास बहुतेकांचा तो ओसरतो. काहींना मात्र आठवडे लागतात. काही रुग्ण बडबडत नाहीत, नुसते गप्प व सुस्त होतात. ही विश्रांती समजू नये. परिचारिकेस त्वरित कळवावे.

रोज मद्य घेणाऱ्याचे मद्य अचानक बंद झाल्यास साधारणतः दोन ते चार दिवसांत असाच भ्रम होऊ शकतो व तो प्राणावर बेतू शकतो. म्हणून दाखल करतानाच ही सवय डॉक्टरांना सांगावी. लाजेपोटी लपवू नये.

अमेरिकेतील येल येथे ७० वर्षे व त्यावरील ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. चष्मा व श्रवणयंत्र देणे, पुरेसे पाणी, रात्रीची शांत झोप, चालवणे-फिरवणे, दिवस-वेळेची आठवण देणे अशा साध्या सेवेने भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. २०२०-२१ च्या कोविडकाळात नातलगांना प्रवेश नव्हता व सेवकांचे चेहरे मास्कआड होते. तेव्हा जवळच्या माणसाचे मोल सर्वांनाच उमगले.

रुग्णाशी वाद घालू नये, चेष्टा करू नये. आपले नाव सांगून, हात हाती घेऊन हळू बोलावे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही ध्यानी असावे.

खाटेसमोर दिसेल असे घड्याळ, मोठ्या अक्षरांची दिनदर्शिका, नातलगासाठी एक खुर्ची, या वस्तू अल्प खर्चाच्या, परंतु उपचाराचाच भाग आहेत. दानशूर हितचिंतकांनी याकडेही लक्ष द्यावे, ही नम्र विनंती.