तयार प्रतिपिंडे : घोड्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

कुत्रा चावला की घरचे रागावतील या भीतीने पुष्कळ मुले ती गोष्ट लपवून ठेवतात. म्हणून या अंकात आपण रेबीजपासून वाचवणाऱ्या एका औषधाची ओळख करून घेऊ.

शरीरात रोगजंतू शिरला, की त्याला नेमके ओळखून जखडणारी प्रथिने रक्तात तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे किंवा अँटीबॉडी म्हणतात. लस टोचल्यावर ती तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. तोवर रेबीजचा विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे निघालेला असतो, आणि लक्षणे दिसल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबरच तयार प्रतिपिंडेही टोचतात.

ती आणायची कोठून? घोड्याच्या रक्तातून काढलेली काहींना सोसत नाहीत. माणसाच्या रक्तातली महाग व दुर्मिळ.

१९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर व मिलस्टाइन यांनी प्रतिपिंडे बनवणारी उंदराची पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडली. अशी जोडपेशी वाढतच राहते आणि एकाच प्रकारचे प्रतिपिंड देत राहते. या शोधाला १९८४ साली नोबेल मिळाले. पण उंदराचे प्रतिपिंड माणसाला परकेच! तेथीलच ग्रेगरी विंटर यांनी १९८६ साली त्याची जंतू पकडणारी टोके तेवढी ठेवून बाकीचा भाग मानवी केला. पुढे त्यांनी संपूर्ण मानवी प्रतिपिंडे घडवण्याची वाट दाखवली. २०१८ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले.

आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संस्थेसह रेबीजवर असेच मानवी प्रतिपिंड तयार केले. २०१७ पासून ते भारतात मिळू लागले. ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतून निघते. त्यासाठी ना घोडा लागतो, ना रक्तदाता.

मात्र औषधाआधीचे काम आपलेच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि लसीचे सर्व डोस पूर्ण करा.

पालकांना आमची विनंती, की मुलाला रागावण्याआधी त्याची जखम धुवा. विश्वस्त मंडळींना एवढेच सुचवतो, की शाळेच्या प्रत्येक नळाशी साबण असावा.