आधी वरचा प्लग, मग खालचा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि उपनगरांतल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अंधेरीचा सबवे तर आजही दर पावसाळ्यात तुंबतो. अशा वेळी जुनी जीप किंवा जिप्सी बिनदिक्कत पाण्यात घातली जाते, आणि नुकसान तिथेच होतं. चालून तापलेलं डिफरन्शियल पाण्यात अचानक थंड झालं की आतली हवा आकसते. ब्रीदरची, म्हणजे आतल्या हवेला वाट देणारी नळी तुटलेली किंवा ऑइल सील झिजलेलं असेल, तर तिथून पाणी आत ओढलं जातं. मग गिअर ऑइल दुधाळ होतं आणि बेअरिंगना गंज धरतो.

ऑइलची ही अवस्था तपासायची तर फिलर प्लग, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाचा वरचा प्लग, उघडावा लागतो. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला प्लग नेमका हाच असतो.

विलीज जीपची जुळणी मुंबईत १९४०च्या दशकात सुरू झाली. ती करणाऱ्या महिंद्राचं नाव पुढे कांदिवलीच्या कारखान्याशी जोडलं गेलं. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली. यांतल्या कित्येक गाड्या बोरिवली-मुलुंडकडे हौसेने जपलेल्या दिसतात. इंजिन चकचकीत असतं; गाडीखालच्या प्लगवर मात्र चिखल आणि गंजाचा थर.

प्रस्तुत लेखकाने घाटकोपरच्या एका गॅरेजमध्ये पाहिलेला प्रसंग बोलका आहे. कारागिराने आधी खालचा ड्रेन प्लग काढला. ऑइल डब्यात उतरलं. फिलर प्लग काही हलेना. पाना घसरून प्लगच्या चौकोनाच्या कडा गेल्या. आता नवं ऑइल भरायला वाटच नाही आणि कोरड्या गिअरवर गाडी हलवता येईना. म्हणून क्रम पक्का ठेवावा: फिलर प्लग सुटल्यावरच ड्रेन प्लगला हात लावायचा.

सुरुवात तारेच्या ब्रशने करावी. प्लगचा चौकोन आत खोल असेल, तर त्यातला चिखल खिळ्याने कोरून काढावा, म्हणजे चावी पूर्ण आत बसते. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबावं. सकाळी प्लगच्या डोक्यावर हातोडीचे बेताचे ठोके द्यावेत. त्या धक्क्याने आट्यांतला गंज मोकळा होतो. मग प्लग आधी किंचित आवळून पाहावा आणि नंतर उलटा फिरवावा. पाना नेमक्या मापाचाच हवा. लांब दांड्याने ओढताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवणं जिवावर बेतू शकतं. खाली भक्कम स्टँड आणि चाकांना अटकाव हवाच.

तरीही हलला नाही, तर उष्णता द्यावी. पण प्लगला नव्हे, त्याच्या भोवतालच्या हौसिंगला. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे तशा केसिंगला थोडी ऊब पुरते. ओतीव लोखंडाला जास्त लागते. त्याआधी फवारलेलं तेल पुसावं, जवळ अग्निशामक यंत्र ठेवावं, ऑइल सीलपाशी ज्योत नेऊ नये. कडा पार गेल्या असतील, तर प्लगवर नट वेल्ड करून घ्यावा. वेल्डिंगच्या तापाने आटेही सैल होतात. हे काम मात्र अनुभवी वेल्डरचंच.

अनेक जुन्या प्लगना निमुळते आटे असतात, त्यामुळे बसवताना दांड्याला नळी लावून आवळल्यास केसिंगला तडा जाऊ शकतो. आटे साफ करून सीलंट लावावं. गाडी सपाट जागी उभी करून, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरावं. जून उजाडण्याआधी ब्रीदरची नळी तपासून घ्यावी.