‘मराठी’ की ‘ई-जे-के-बी-एच’?

प्रश्न : माझी भाची दृष्टिहीन आहे. यंदा ती सोलापुरात एम.ए.ला प्रवेश घेणार आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाची वेबसाइट तिला एकटीने वापरता येईल का, हे आधीच कसं तपासायचं? मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तपासायला फारसं कळावं लागत नाही. माऊस काढून ठेवा आणि नुसती टॅबची कळ दाबत पुढे सरका. पुस्तकाचं नाव टाकायच्या चौकटीपर्यंत पोचता आलं का? दृष्टिहीन विद्यार्थी कळफलकावरच काम करतात. इथे अडलं, की पुढचं सगळं बंद.

मग एनव्हीडीए उतरवून घ्या. विंडोजवर चालणारं हे सॉफ्टवेअर पडद्यावरचं वाचून दाखवतं, मराठीसुद्धा, आणि तेही फुकट. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ते 2006 मध्ये करायला घेतलं. आता मॉनिटर बंद करा आणि एखादं पुस्तक शोधून दाखवा. एका ग्रंथालयाच्या साइटवर मी हे केलं, तेव्हा ‘लिंक, येथे क्लिक करा’ एवढंच पुन्हा पुन्हा कानावर आलं. कशासाठी क्लिक करायचं, ते शेजारच्या चित्रात लिहिलेलं होतं आणि चित्राला पर्यायी मजकूर नव्हता. लॉगिनला वेडीवाकडी अक्षरं ओळखायला सांगणारा कॅप्चा आला. तो ऐकायची सोय नव्हती. मी तिथेच थांबलो.

आपल्याकडचा मोठा अडथळा मात्र जुन्या फाँटचा आहे. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं की डोळ्यांना मराठीच दिसतं, पण आत साठतात रोमन अक्षरं : ई, जे, के, बी, एच. वाचक-सॉफ्टवेअर बिचारं तीच वाचणार. साइटवरच्या सूचनेतला एक शब्द उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी उतरली तर युनिकोड आहे, रोमन उतरली तर भाचीच्या कानावर नुसता गोंधळ पडणार. जुन्या प्रश्नपत्रिकांचंही तसंच. स्कॅन केलेली पीडीएफ हा कागदाचा फोटो असतो. त्यातली ओळ माऊसने निवडता येत नसेल, तर ती वाचूनही दाखवली जात नाही. आणि परीक्षेच्या तोंडावर मुलं शोधतात ती नेमकी प्रश्नपत्रिकाच. माझ्या मते ग्रंथालयांनी पहिला पैसा इथे घालावा.

वेबपान तपासणारी ‘वेव्ह’सारखी मोफत साधनं चुका मोजून देतात, अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान 4.5:1 आहे का, हेही सांगतात. पण चित्राला ‘प्रतिमा1’ असं नाव दिलेलं असलं तरी ती खूश होतात.

अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 रोजी एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी स्थापन झालं. करमाळ्याच्या किंवा अक्कलकोटच्या मुलीला केगावच्या विद्यापीठात येणं म्हणजे एसटीचा प्रवास. तिच्यासाठी वेबसाइट हेच ग्रंथालयाचं दार. ते उघडं असणं ही मेहेरबानी नव्हे : 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही जबाबदारी लिहिलेली आहे, आणि सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्र सरकारला बजावलं.

शेवटची फेरी भाचीलाच करू द्या. ती जिथे थांबेल ते पान आणि ती कळ लिहून घ्या, आणि तिच्या सहीने ग्रंथपालांना अर्ज द्या. तोवर तिला ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाची सभासद होता येतं. तिथली पुस्तकं ऐकण्याजोगी करूनच ठेवलेली असतात.