खो-खोची मानकरी : सारिका काळे

कोकणात कुंडलिकेच्या काठी वसलेल्या कोलाडला जा, की मराठवाड्यातील एखाद्या कोरडवाहू गावी जा. सायंकाळी शाळेच्या पटांगणावरून ‘खो’ ही आरोळी कानी पडतेच. या खेळास मौल्यवान साहित्य लागत नाही. दोन खांब आणि मोकळी जमीन एवढे मिळाले की पुरे. याच खेळाच्या बळावर धाराशिवच्या एका गरीब घरातील मुलीने भारतीय संघाचे नेतृत्व केले आणि अर्जुन पुरस्कार मिळविला. तिचे नाव सारिका काळे.

सारिकाच्या बालपणी धाराशिवास उस्मानाबाद म्हणत. शारीरिक अडचणीमुळे तिच्या वडिलांना कमावणे शक्य नव्हते. आई शिवणकाम व घरकाम करी. साऱ्या कुटुंबाचा भार आजी-आजोबांच्या कमाईवर होता. अशा परिस्थितीत वयाच्या तेराव्या वर्षी सारिका मैदानावर उतरली. खेळाडूच्या अंगी बळ हवे आणि बळासाठी पोटभर अन्न हवे; परंतु जवळजवळ दहा वर्षे तिला दिवसातून एकदाच जेवण मिळे. शिबिरास अथवा स्पर्धेस गेली, म्हणजेच काय तो विशेष आहार तिच्या वाट्यास येई. तरीही तिने सराव सोडला नाही.

खो-खो हा चपळाईचा खेळ आहे, तसाच तो बुद्धीचाही आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्याच्या नियमांना निश्चित रूप दिले. दोन खांबांमध्ये आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्यास मधली रेषा ओलांडता येत नाही, की मागे वळता येत नाही. पळणारा निसटू लागला, म्हणजे तो बसलेल्या सोबत्यास पाठीमागून ‘खो’ देतो. सोबती तत्काळ उठून धावू लागतो. या खेळात एकट्याच्या धावण्याने यश मिळत नाही.

सारिकाच्या जीवनातही असाच एक प्रसंग आला. २०१६ साली घरच्या आर्थिक विवंचनेने ती खचून गेली. खेळ कायमचा सोडावा, असे तिने ठरविले आणि स्वतःस खोलीत कोंडून घेतले. आजीने ही गोष्ट तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानी घातली. त्यांनी तिची समजूत काढली, तिला धीर दिला. सारिका पुन्हा मैदानावर आली. आजीच्या मायेने आणि गुरूच्या शब्दांनी जणू तिला वेळेवर ‘खो’ दिला होता!

त्याच २०१६ साली गुवाहाटी येथे बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. तेथे भारतीय महिला संघाने सारिकाच्या नेतृत्वाखाली खो-खोचे सुवर्णपदक जिंकले. पुढे शासनाने तिला क्रीडा अधिकारी म्हणून सेवेत घेतले. तुळजापूर येथे ती हे काम पाहू लागली आणि घरची ओढाताण कमी झाली.

२०२० साली तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. तब्बल २२ वर्षांनी हा मान खो-खोच्या खेळाडूस मिळत होता. २९ ऑगस्ट हा राष्ट्रीय क्रीडा दिन. त्या वर्षी साथीच्या रोगामुळे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी दूरदृश्य पद्धतीने पुरस्कार प्रदान केले.

सारिकाची जिद्द थोर खरीच. पण खचलेल्या सारिकाला ओळखून तिच्या पाठीशी उभी राहिलेली माणसेही तितकीच थोर होत. आपल्या वर्गातील एखादा सोबती निराश होऊन बसला असेल, तर त्याला हाक मारावी. कोणास ठाऊक, त्या हाकेसरशी तोही उठून धावू लागेल!

अभ्यास

१. सारिकाच्या घरची परिस्थिती कशी होती?
२. सारिकाने खेळ सोडण्याचे का ठरविले? ती मैदानावर परत कशी आली?
३. ‘वेळेवर खो दिला’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. वाक्यांत उपयोग करा : कानी घालणे, धीर देणे, खचून जाणे.