व्याजाचा दर आणि व्याजाची मुदत

दुसऱ्याचा पैसा वापरल्याबद्दल द्यावयाचा मोबदला म्हणजे व्याज, ही व्याख्या आपण सर्वांनी पाठ केलेली आहे. परीक्षेपुरती ती पुरेशी आहे. परंतु आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बहुतांश शेती कोरडवाहू. जूनच्या पेरणीत घातलेला पैसा कापसाच्या रूपाने घरी येतो तो दिवाळीच्या सुमारास किंवा त्यानंतर. अशा ठिकाणी व्याजाचा विचार मुदतीशिवाय करणे धोक्याचे आहे. बैलजोडी भाड्याने घेताना भाडे दिवसाचे की हंगामाचे, हे आपण आधी विचारतो. व्याज हेही पैशाचे भाडेच होय.

सुट्टीत गावी असताना कर्जाविषयी मी काही वडीलधाऱ्या मंडळींशी बोललो. 'वार्षिक इतके टक्के' असे कोणीच सांगितले नाही. 'शेकडा दोन', 'सवाई', 'दिढी' हेच शब्द कानी आले. त्यांचा हिशेब मांडून पाहू.

१) शेकडा दोन : शंभर रुपयांस महिन्याला दोन रुपये. ऐकायला दर लहान वाटतो, पण तो वार्षिक २४ टक्के झाला. व्याज थकून दरवर्षी मुदलात मिळविले गेले, तर १०,००० रुपयांचे तीन वर्षांत सुमारे १९,०६६ होतात. १२ टक्क्यांनी तेच १४,०४९ झाले असते. दर दुप्पट, परंतु व्याजाचा बोजा दुपटीहून अधिक. हा चक्रवाढीचा गुण.

२) सवाई : जूनमध्ये १०,००० घेऊन डिसेंबरात १२,५०० द्यावयाचे. सहा महिन्यांस २५ टक्के, म्हणजे वर्षाला ५० टक्के. दिढीत हाच दर १०० टक्के होतो.

३) उधारीचा भाव : रोखीने १,००० रुपयांस मिळणारे खत सहा महिन्यांच्या उधारीवर १,२०० ला घेतले, तर व्याजाचा शब्दही न उच्चारता वार्षिक ४० टक्के व्याज भरले जाते.

आता कायदा पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली आला. त्याच वर्षी शासनाने परवानाधारक सावकारासाठी कमाल दर ठरविले : शेतकऱ्याच्या तारण कर्जास वार्षिक ९ टक्के, विनातारण कर्जास १२ टक्के. व्याज मुदलाहून अधिक वसूल करता येत नाही, हे दामदुपटीचे जुने तत्त्वही कायद्याने मान्य केले आहे. पण 'शेकडा दोन' म्हणजे २४ टक्के हेच ज्याला उमगले नाही, त्याला मर्यादा मोडली गेली हे कसे कळावे?

सरकारी मदतीची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर केली. त्यांत यवतमाळ होते. २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी झाली. ती बँका व सहकारी संस्थांच्या कर्जापुरती होती. खाजगी सावकाराच्या वहीला तिचा स्पर्श झाला नाही. म्हणून कर्ज कोठून घेतले, हा प्रश्न दराइतकाच महत्त्वाचा. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास शून्य टक्के व्याजाने देण्याचा निर्णय राज्याने २०२१ मध्ये घेतला. तेथेही कळीचा शब्द 'मुदतीत' हाच आहे.

आपणा विद्यार्थ्यांचा या गणिताशी संबंध हप्त्यांतून येतो. १२,००० रुपयांची वस्तू '१२ टक्के' व्याजाने घेतली; व्याज १,४४०, दरमहा हप्ता १,१२०. वरवर हिशेब बरोबर दिसतो. परंतु मुद्दल दरमहा १,००० ने घटत जाते. वर्षभरात सरासरीने आपल्याकडे ६,५०० रुपयेच राहतात. त्यावर १,४४० व्याज म्हणजे सुमारे २२ टक्के!

तेव्हा कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : दर किती काळाचा? आकारणी मूळ रकमेवर की उरलेल्या मुदलावर? मुदत टळल्यास काय? उत्तरे वार्षिक टक्क्यांत मांडावीत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कर्जाचे कागद वाचू शकणारे पहिले माणूस आपणच आहोत. यंदाच्या पेरणीपूर्वी हा हिशेब वडिलांजवळ बसून एकदा मांडला, तर अर्थशास्त्राचा अभ्यास कारणी लागला असे मी समजेन.