नकाशावरची रिकामी जागा

निगडी प्राधिकरण

चि. सायली,


डिजिटल मानव्यविद्या आणि डेटा व्हिज्युअलायझेशनवर तुमच्या कॉलेजात चर्चासत्र घ्यायचं ठरलं, हे वाचून फार आनंद झाला. कार्यक्रमाचा मसुदा मात्र पटला नाही. एका दिवसात बावीस निबंध, प्रत्येकाला आठ मिनिटं? कुणाचंच धड ऐकून होणार नाही. निम्मे कमी कर आणि दुपारभर सगळ्यांना एकाच सामग्रीवर कामाला बसव.

सामग्री आपल्या उंबऱ्याशी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे हा संग्रह एक लाखावर गेला. बर्नार्ड बेल यांनी त्याच्या संगणकीय मांडणीला हातभार लावला. २०१७ पासून ‘परी’ हे संकेतस्थळ त्या ओव्या आवाजासह प्रसिद्ध करते आहे.

त्यातल्या दोनशे ओव्या घ्या, पुरे. आधी प्रोग्रामला मराठी वाचता येतं का, ते बघा. काही प्रोग्राम काना-वेलांटीला अक्षरात धरतच नाहीत. मग ‘सीता’चे ‘स’ आणि ‘त’ असे दोन तुकडे होतात आणि ओव्यांमधली सीता मोजणीतून नाहीशी होते. ते सावरलं तरी ‘पंढरी’, ‘पंढरीला’, ‘पंढरीच्या’ हे तीन निरनिराळे शब्द मोजले जातात. ही रूपं हाताने एकत्र लावताना विभक्ती म्हणजे काय ते मुलांना नीट कळेल.

मग नकाशा. गावागणिक ठिपके टाकले की मुळशीकडे दाटी दिसेल. उत्साहात कोणी म्हणेल, इथे ओव्या जास्त गायल्या गेल्या. तसं नाही गं. संग्राहक जिथे वर्षानुवर्षं राबले, तिथली ती दाटी. रिकाम्या जागेतही जाती फिरत होती, तिथे विचारायला कोणी पोचलं नव्हतं. एवढं मुलांना उमगलं तरी चर्चासत्र फळाला आलं असं मी समजेन. रंगीत आलेख काढून देणारी साधनं आता फुकट मिळतात. त्या आलेखांत काय आलेलं नाही हे विचारायची सवय मात्र शिक्षकालाच लावावी लागते.

दिवस गुरुवार ठेव. भोसरी-पिंपरीतल्या बऱ्याच कारखान्यांना तेव्हा सुट्टी असते, पालकांना येता येईल. आणि विद्यार्थ्यांच्या आज्यांना बोलाव. मावळ, खेड, बीड, लातूरहून कामासाठी इथे आलेल्या घरांत जातं राहिलं नाही, पण कितीतरी जणींना ओव्या अजून पाठ असतात. सत्कारापुरतं त्यांना व्यासपीठावर नेऊ नकोस, सकाळचं पहिलं सत्रच त्यांचं ठेव. ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्या, ओवीखाली त्यांचं नाव-गाव लिहा, आणि मानधन पाहुण्या प्राध्यापकांइतकंच द्या. यावर कोणी कुरकुर केली तर हटून बस.

पडद्यावर देवनागरी नीट उमटते का, ते आदल्या दिवशी त्याच संगणकावर पाहून घे. आलेखात जोडाक्षरं फुटतात, कधी नुसते चौकोन येतात. तारीख पक्की झाली की कळव, मी सकाळीच येईन.

तुझी,
मावशी