उपग्रहांनी लावलेले ग्रहण

ग्रहण लागते हे आपण जाणतो. पण ग्रहण लावताही येते, तेही सलग सहा तास, हे वाचून मला आधी खरेच वाटेना. मग नीट समजून घेतले. ते इथे मांडतो.

खग्रास ग्रहणात सूर्याभोवती पांढरट तेज दिसते. त्याला किरीट म्हणतात. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश तापलेला, आणि किरीट दहा लाख अंशांच्याही वर! सौर वादळे इथूनच उठतात. १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळामुळे कॅनडातील क्वेबेक प्रांतात साठ लाख लोकांची वीज सुमारे नऊ तास गेली. म्हणजे किरीट पाहणे ही नुसती हौस नव्हे. पण चंद्र आड येतो थोडाच वेळ. १६ फेब्रुवारी १९८० ला कारवारकडे खग्रास दिसले, ते तीन मिनिटेसुद्धा टिकले नाही.

म्हणून युरोपच्या अंतराळ संस्थेने प्रोबा-३ ही उपग्रहांची जोडी बनवली. ५ डिसेंबर २०२४ रोजी ती आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटने श्रीहरिकोट्याहून उडाली. पुढच्या उपग्रहावर १.४ मीटर रुंदीची गोल तबकडी, मागच्यात दुर्बीण. तबकडीने सूर्य झाकायचा, दुर्बिणीने सावलीत बसून किरीट पाहायचा.

आता पाटी घ्या. सूर्य आपल्यापासून स्वतःच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट दूर आहे. म्हणून कोणतीही तबकडी तिच्या व्यासाच्या १०८ पट अंतरावरून सूर्याएवढीच दिसते. १.४ × १०८ = १५१.२. म्हणून दोघांत सुमारे दीडशे मीटर अंतर ठेवले. पण तिथवर सावली निमुळती होत जेमतेम ८ सेंटीमीटर उरते, आणि दुर्बिणीचे तोंड ५ सेंटीमीटर. दोन्हीकडे दीड-दीड सेंटीमीटर मोकळे! त्याहून सरकले की ऊन आत.

जमिनीवरून कुणी 'जरा डावीकडे घे' सांगत बसले तर हे जमणार नाही. उपग्रहांनाच पाहावे लागते. तबकडीवाल्याला कॅमेरे आहेत. जोडीदाराच्या अंगावर लुकलुकणारे बारीक दिवे आहेत, ते पाहून तो कुठे आहे हे कॅमेऱ्यांना कळते. मग लेसरचा किरण सोडायचा; तो आरशावरून परत येतो आणि अंतर मिलिमीटरपर्यंत कळते. शेवटची युक्ती मला सर्वांत आवडली. दुर्बिणीच्या तोंडाभोवती प्रकाश मोजणारे डोळे आहेत. सगळीकडे सारखा उजेड असेल तर आपण सावलीच्या मधोमध. एका बाजूला जास्त पडला तर सरकलो! मग थंड वायूची हलकी फुंकर सोडून जागा सावरायची.

ही कसरत ६०,५३० किलोमीटर उंचीच्या आसपासच चालते. तिथे पृथ्वीची ओढ कमी, त्यामुळे इंधन थोडे लागते. मग दोघे एकमेकांवर न आदळता ६०० किलोमीटरपर्यंत खाली येतात, आणि वर जाताना पुन्हा एकमेकांना शोधतात. एक फेरी १९ तास ३६ मिनिटांची.

रात्री ओसरीवरच्या दिव्यासमोर करून पाहा. एकाने ताटली धरून हळू चालायचे, दुसऱ्याने मागे राहून आपले नाक तिच्या सावलीत ठेवायचे. बोलायचे नाही. हा खेळ उन्हात मात्र मुळीच नको. सूर्याकडे पाहिल्याने डोळा कायमचा जातो.

मे २०२५ मध्ये या जोडीने टिपलेल्या किरीटाचे चित्र मी रंगीत खडूंनी काढून शेजारी लावले आहे. मधला काळा गोल म्हणजे तबकडी. सूर्य तिच्या मागे आहे.